गिटारच्या पांच चौकटी

अमेरिकेंतील ब्लूज आणि त्यांतून निघालेलें रॉक संगीत गिटारवर वाजवूं इच्छिणाऱ्या नवशिक्याच्या हातांत आज जी पहिली वस्तु पडते ती म्हणजे एक नकाशा. गिटारच्या दांडीचें चित्र काढून त्यावर सहा तारा व त्यांना छेदणारे पडदे रेघांनीं दाखविलेले असतात, आणि कोणत्या तारेवर कोणत्या पडद्याशीं बोट ठेवावयाचें तें काळ्या ठिपक्यांनीं सुचविलेलें असतें. अशा पांच चौकटी असतात. पहिली पाठ करावयाची, मग दुसरी, आणि या क्रमानें पांचही हातांत बसल्या म्हणजे दांडीवर कोठेंही स्वैर संचार करण्याची सनद मिळाली, असा सार्वत्रिक समज आहे. हा नकाशा इतका सर्वमान्य झाला आहे कीं, तो त्या संगीताइतकाच जुना असावा असें कोणासही वाटेल. वस्तुस्थिति उलट आहे. ज्यांच्या वादनाचा हा नकाशा म्हणून दिला जातो, त्यांपैकीं पुष्कळांच्या हयातींत तो छापलाच गेला नव्हता. आणि कांहींना तर तो दिसणेंही शक्य नव्हतें, कारण ते जन्मतः किंवा बालपणींच दृष्टीस मुकलेले होते. हा नकाशा कसा निघाला, तो काढतांना काय हातीं लागलें आणि काय निसटलें, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम नकाशाचीच फोड करूं. त्यांतील स्वर पांचच: षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. आपल्याकडील धानी रागाचे हेच स्वर. अर्थात् साम्य स्वरांपुरतें, रागाशीं त्याचा संबंध नाहीं. गिटारच्या तारा अशा मिळविलेल्या असतात कीं, जाड तारेपासून निघाल्यास प्रत्येक पुढील तार मागील तारेचा मध्यम बोलते. अपवाद एकच, शेवटून तिसऱ्या व दुसऱ्या तारेंत अंतर शुद्ध गंधाराचें असतें. या जुळणीमुळें हात जागचा न हलवितां चारपांच पडद्यांच्या पट्टींत प्रत्येक तारेवर आपल्या पांच स्वरांपैकीं दोन सांपडतात. सहा तारांवर दोन दोन, म्हणजे बारा ठिकाणें. ही झाली एक चौकट. पाश्चात्त्यांचा 'ए' हा स्वर षड्ज धरला तर पहिली चौकट पांचव्या पडद्यावर येते: तर्जनी सहाही तारांवर पांचव्या पडद्याशींच राहते, आणि उरलेला स्वर कोठें सातव्या, कोठें आठव्या पडद्याशीं मिळतो. हाताला ही बैठक इतकी सोयीची आहे कीं, लहान मुलासही ती एका संध्याकाळीं साधते. स्वर पांच, म्हणून हात वर सरकवीत प्रत्येक स्वरापासून एक याप्रमाणें चौकटीही पांच. बारा पडदे ओलांडले कीं पुनः पहिली.

ज्या वाचकांस आपल्या संगीतशास्त्राची थोडीफार ओळख आहे त्यांस येथें मूर्च्छनांचें स्मरण होईल, आणि तें योग्यच आहे. भूपाच्या पांच स्वरांपैकीं एकेकास पाळीपाळीनें षड्ज मानीत गेलें म्हणजे मधमाद सारंग, मालकंस, दुर्गा आणि धानी यांचे स्वर निघतात. गिटारच्या पांच चौकटी या आकारानें त्याच पांच मूर्च्छना होत. भेद एवढाच कीं, येथें षड्ज हलत नाहीं, हात हलतो. हें न उमगल्यामुळें नवशिका प्रत्येक चौकटीच्या तळचा स्वर घर समजून तेथें विसांवा घेऊं पाहतो. पहिल्या चौकटींत तें साधून जातें. पुढील चारांत तो पाहुण्याच्या घरांत पागोटें उतरून बसल्यासारखा दिसतो. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज कानाशीं अखंड चालूं असतो म्हणून ही चूक सहसा होत नाहीं. नकाशांत तंबोरा नसतो.

आतां नकाशा बाजूस ठेवून ज्या भूमींत हें संगीत उपजलें तिकडे वळूं. मिसिसिपी राज्याच्या वायव्येस, मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधील सपाट काळ्या मातीच्या प्रदेशास तेथें डेल्टा म्हणतात. पीक कापसाचें. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली, परंतु जमीन गोऱ्यांची आणि राबणारे हात काळ्यांचे ही व्यवस्था अर्धेलीच्या रूपानें पुढें चालूंच राहिली. शेताचा अर्धा वांटा, दुकानाचें वाढतें कर्ज, आणि वर्षाच्या अखेरीस हिशेबाच्या वहींत पुनः देणेंच, हें चित्र आपल्याकडील कुळांच्या इतिहासाशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस अपरिचित वाटणार नाहीं. या प्रदेशांतील टटवायलर नांवाच्या लहानशा स्टेशनावर १९०३ सालीं आगगाडीची वाट पाहत असतां डब्ल्यू. सी. हँडी या वाद्यवृंदाच्या नायकास एक फाटक्या वस्त्रांतला मनुष्य गिटार वाजवितांना दिसला. तो तारांवर बोटें न दाबतां सुरीचें पातें फिरवीत होता. ही हकीकत हँडीनें १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत दिली आहे. हँडी नोटेशन जाणणारा शिकलेला संगीतज्ञ; त्यानेंच पुढें १९१२ व १९१४ सालीं 'मेम्फिस ब्लूज' आणि 'सेंट लुई ब्लूज' हीं गाणीं छापून या प्रकारास नागर समाजांत आणलें. त्या स्टेशनावरच्या मनुष्याचें नांव मात्र त्यास ठाऊक नव्हतें, आणि आज कोणासही ठाऊक नाहीं.

सुरीचें पातें ही गोष्ट येथें महत्त्वाची आहे. तारेवर पातें किंवा बाटलीची मान फिरविली म्हणजे पडदे असून नसल्यासारखे होतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर आवाज घसरत जातो. त्या प्रदेशांतील पुष्कळ मुलांचें पहिलें वाद्य तर पडद्यांविनाच असे: घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांमध्यें केरसुणीची तार ताणावयाची, टेकूस बाटली द्यावयाची, आणि दुसऱ्या बाटलीनें तार दाबीत वाजवावयाचें. लुइझियानांत १९३६ सालीं जन्मलेल्या बडी गाय या वादकानें खिडकीच्या जाळीच्या तारा काढून आपलें पहिलें वाद्य केलें होतें. हाच बडी गाय २०११ सालीं मुंबईस मेहबूब स्टुडिओंत भरलेल्या ब्लूज महोत्सवांत वाजवून गेला, तेव्हां आमच्यापैकीं कांहींनीं तो प्रत्यक्ष ऐकला असेल. गिटार आली ती टपालानें. सीअर्स, रोबक या शिकागोच्या पेढीच्या सूचिपत्रांत थोड्या डॉलरांत मिळणारी गिटार खेड्यापाड्यांत जाऊं लागली, आणि तिच्याबरोबर तारा मिळविण्याच्या कांहीं रीतीही गेल्या. त्यांतील दोहोंचीं नांवें मोठीं गमतीचीं आहेत. एकीस 'स्पॅनिश' म्हणत, दुसरीस 'व्हेस्टापोल'. पहिलें नांव 'स्पॅनिश फँडँगो' नामक दिवाणखान्यांत वाजविण्याच्या तुकड्यावरून आलें. दुसरें, क्रिमियाच्या युद्धांतील वेढ्यामुळें गाजलेल्या सेबास्टोपोल शहराच्या नांवाच्या तुकड्यावरून. एकोणिसाव्या शतकांतील सुखवस्तु गोऱ्या कुमारिका हे तुकडे करमणुकीसाठीं वाजवीत. त्यांच्या जुळण्या कापसाच्या शेतांत पोंचल्या आणि नांवाचा अपभ्रंश तेवढा मागें राहिला. या दोन्ही जुळण्यांत तारा मोकळ्या सोडल्या तरी एक संपूर्ण स्वरसंघ वाजतो, आणि आपल्या पांच चौकटी त्यांत मुळींच बसत नाहींत. म्हणजे आज जिला मूळ म्हणून शिकविली जाते ती बैठक मुळाशीं नव्हती.

गाण्याची घडण आतां सांगितली पाहिजे, कारण एकल वादनाचें बीज तिच्यांत आहे. बारा मात्रागटांचें एक आवर्तन, त्याचे चार-चारांचे तीन भाग. गायक पहिल्या भागांत एक ओळ म्हणतो, दुसऱ्यांत तीच पुनः, आणि तिसऱ्यांत तिला पूर्ण करणारी वेगळी. परंतु ओळ प्रत्येक भागाचा सुमारें अर्धाच काळ घेते. उरलेला अर्धा मोकळा. तेथें गिटार बोलते. गायकानें विचारावें आणि वाद्यानें उत्तर द्यावें, किंवा त्याच्या बोलण्यास हुंकार द्यावा, असा हा प्रकार आहे. शेतांत एकानें हाळी द्यावी आणि इतरांनीं ती उचलावी या जुन्या रीतीचा तो वंशज. पुढें गिटारवादक एकटाच संपूर्ण आवर्तनें वाजवूं लागला तेव्हांही हा श्वास त्यानें सोडला नाहीं. चांगला वादक दोन शब्द बोलतो आणि थांबतो.

ज्या स्वरानें या संगीतास त्याचा रंग दिला तो तर कोणत्याच चौकटींत नाहीं. खालीं जो स्वरसंघ वाजत असतो त्यांत शुद्ध गंधार असतो. गाणारा मात्र गंधार त्याहून उतरता घेतो, कोमलापर्यंत न जातां मध्येंच कोठें तरी तो हेलकावत राहतो. पियानोला हें साधत नाहीं. तो दोन्ही पट्ट्या एकदम दाबून त्याचा भास उत्पन्न करतो. श्रुतींवरून आपल्या पंडितांत एके काळीं जे तुंबळ वाद झाले ते आठवले म्हणजे वाटतें, कीं त्यांपैकीं एखाद्यानें डेल्टांतील एखादी जुनी तबकडी ऐकली असती तर हार्मोनियमविरुद्ध त्यास एक अनपेक्षित साक्षीदार मिळाला असता. गिटारवर हा स्वर काढण्याचा एकच मार्ग: एक तर पातें फिरवा, नाहीं तर तार पडद्यावर दाबून आडवी ओढा. दुसरी क्रिया म्हणजे सतारीची मींडच. सतारियास पडद्यावर तार ओढून चारपांच स्वरांची मींड घेतां येते, कारण त्याचे पडदे वक्र व उंच असतात. गिटारच्या ताठ तारेवर एका स्वराची ओढही फार काळ कष्टाची होती.

१९२० सालीं मॅमी स्मिथ या गायिकेच्या 'क्रेझी ब्लूज' या तबकडीस इतका खप आला कीं, काळ्या गिऱ्हाइकांसाठीं वेगळ्या तबकड्या काढण्यांत नफा आहे हें कंपन्यांच्या ध्यानांत आलें. पांचसहा वर्षांतच एकट्यानें गिटारवर गाणाऱ्या पुरुषांचीही पाळी आली. १९२६ पासून टेक्सासच्या ब्लाइंड लेमन जेफर्सनच्या तबकड्या घरोघर गेल्या. ब्लाइंड लेमन, ब्लाइंड ब्लेक, ब्लाइंड विली मॅकटेल: ही नामावलीच बोलकी आहे. शेतांत ज्याचा उपयोग नाहीं अशा आंधळ्या मुलास वाद्य देऊन रस्त्याच्या कडेस बसविणें हा त्या समाजांतील पोटाचा एक मार्ग होता. जेफर्सनला डल्लसच्या रस्त्यांतून हात धरून नेणारा एक डोळस मुलगा होता, त्याचें नांव टी-बोन वॉकर. त्याच्याकडे आपण पुढें येणारच आहों. या वादकांची दांडी डोळ्यांना कधीं दिसलीच नाहीं. त्यांना ती अंगठ्याच्या आधारानें, पडद्याच्या कडेनें आणि तारेच्या ताणानें ठाऊक होती.

तारेवर एकेक स्वर वेचीत गाण्यासारखी सलग ओळ वाजविण्याची रीत ज्यानें प्रथम मोठ्या प्रमाणावर रूढ केली तो लॉनी जॉन्सन. न्यू ऑर्लिन्सचा हा गृहस्थ व्हायोलिनही वाजवीत असे, आणि त्याच्या गिटारमध्यें गजाची ओढ ऐकूं येते. १९२८ व १९२९ सालीं त्यानें एडी लँग या गोऱ्या गिटारवादकाबरोबर कांहीं जोडवादनें तबकड्यांवर दिलीं. काळ्या व गोऱ्या माणसांनीं एकत्र वाजविल्याचें उघड होऊं नये म्हणून लँगचें नांव तबकडीवर 'ब्लाइंड विली डन' असें छापलें गेलें. डोळस गोरा मनुष्य काळ्यांच्या बाजारांत आंधळा म्हणून उभा राहिला! या संगीताच्या इतिहासांत पुढें जें पुष्कळदां घडलें त्याची ही उलटी प्रतिमाच म्हणावयाची.

आणि आतां रॉबर्ट जॉन्सन, कारण त्याची दंतकथा टाळून पुढें जातां येत नाहीं. १९३६ च्या नोव्हेंबरांत सॅन अँटोनिओस व १९३७ च्या जूनमध्यें डल्लसला त्याचीं एकोणतीस गाणीं मुद्रित झालीं. १९३८ च्या ऑगस्टांत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, तो वारला. त्याचा ज्येष्ठ समकालीन सन हाउस सांगत असे कीं, हा मुलगा आरंभीं इतकें वाईट वाजवी कीं लोक त्रासत. मग तो कोठें तरी गेला, आणि परतला तो सर्वांवर ताण करणारा होऊन. या मधल्या काळाचा उलगडा लोकांनीं आपल्या परीनें केला: मध्यरात्रीं चव्हाट्यावर त्यानें सैतानास आत्मा विकला आणि कला घेतली. कथा चमत्कारिक आहे आणि म्हणूनच ती टिकली. परंतु संशोधकांनीं पुढें शोधून काढलें तें असें कीं, जॉन्सन हेझलहर्स्टच्या बाजूस गेला होता, आणि तेथें आइक झिमरमन नांवाच्या वादकापाशीं राहून त्यानें विद्या घेतली. दोघे रात्रीं दफनभूमींत सराव करीत असत, असें त्या घरच्यांनीं सांगितलें आहे. म्हणजे सैतान नव्हता, गुरु होता. आणि वरदान नव्हतें, रियाज होता. शिवाय त्यानें तबकड्याही बारकाईनें ऐकल्या होत्या. लॉनी जॉन्सनची छाया त्याच्या एकदोन गाण्यांवर स्पष्ट पडलेली आहे. मला या दंतकथेचा जो राग येतो तो तिच्या भाबडेपणाचा नव्हे. एका गरीब काळ्या मनुष्यानें दुसऱ्या गरीब काळ्या मनुष्यास परिश्रमपूर्वक कांहीं शिकविलें, ही साधी गोष्ट तिनें झांकून टाकली. झिमरमनचें नांव कितीजण घेतात?

यापुढचा बदल यंत्रानें घडविला. १९३६ सालीं गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही विजेची गिटार बाजारांत आली. १९३९ पासून बेनी गुडमनच्या संचांत चार्ली ख्रिश्चननें तिला सॅक्सोफोनच्या पंक्तीस बसविलें. आमचा टी-बोन वॉकर आतां मोठा झाला होता. १९४२ च्या 'मीन ओल्ड वर्ल्ड' मध्यें आणि १९४७ च्या 'कॉल इट स्टॉर्मी मंडे' मध्यें त्याची विजेची गिटार गायकाच्या मागून न चालतां त्याच्या बरोबरीनें चालते. साध्या गिटारची तार छेडली कीं तिचा ध्वनि तत्काळ विरतो. विजेच्या गिटारला आंस आहे, स्वर रेंगाळतो, आणि रेंगाळणाऱ्या स्वरासच मींड शोभते. याच सुमारास दक्षिणेकडील काळी प्रजा उत्तरेकडे लोटली. १९१० च्या सुमारास आरंभ होऊन १९७० पर्यंत सुमारें साठ लक्ष माणसें घरें सोडून गेलीं. १९४१ सालीं ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क यांनीं स्टोव्हॉलच्या मळ्यावर ज्याचा आवाज मुद्रित केला तो मडी वॉटर्स हा मजूर १९४३ सालीं शिकागोस गेला. तेथील गोंगाटाच्या दारूगुत्त्यांत साधी गिटार ऐकूं जाईना, म्हणून त्यानेंही विजेची धरली. पातें मात्र सोडलें नाहीं.

ज्यानें पातें सोडलें, किंवा खरें म्हणजे ज्यास तें कधीं साधलेंच नाहीं, तो बी. बी. किंग. मिसिसिपींत १९२५ सालीं जन्मलेला हा कापूस वेचणारा मुलगा. त्याचा नातलग बुका व्हाइट पात्याचा उस्ताद होता, आणि त्याचा तो कांपरा स्वर किंगच्या कानांत बसला होता. पातें हातांत टिकेना, तेव्हां तोच कंप केवळ डाव्या हाताच्या बोटानें काढण्याचा त्यानें ध्यास घेतला. त्याची जगप्रसिद्ध थरथर अशी निघाली, आणि तिच्यासाठीं त्याचा हात दांडीवर एका विशिष्ट जागीं स्थिरावला. 'ए' षड्ज धरल्यास ती जागा दहाव्या पडद्यापाशीं: दुसऱ्या तारेवर तर्जनीखालीं षड्ज, त्याच तारेवर बाराव्या पडद्याशीं ऋषभ, पहिल्या तारेवर मध्यम व पंचम, आणि तिसऱ्या तारेवर शुद्ध धैवत. एवढीच पुंजी, सारी तीन तारांत. परंतु तो ऋषभ ओढला कीं कोमल गंधार होतो, आणखी ओढला कीं शुद्ध, आणि या दोहोंच्या मधला प्रत्येक कण वाटेंत मिळतो. ज्या स्वराला घर नव्हतें त्याला येथें अंगण मिळालें. शिक्षक मंडळी आज या जागेस 'बी. बी. चौकट' असें नांव देऊन चित्र काढतात. चित्र बरोबर आहे. पण षड्ज तर्जनीखालीं कां, तर मनगटाची ती थरथर हातानें तेथें सुखानें देतां येते म्हणून. आणि ती कां, तर बुका व्हाइटचें पातें कानांत होतें म्हणून. ठिपक्यांत हें कोठून येणार? १९८८ सालच्या एका चित्रपटांत 'यू-टू' या आयरिश मंडळींना किंग हंसत सांगतो कीं, स्वरसंघ वाजविणें आपल्यास जमत नाहीं. आणि ज्यांनीं हें ऐकलें त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं त्याच्या पांच स्वरांवरून आपलें शिक्षण केलें होतें.

नकाशाची निकड निर्माण झाली ती समुद्रापलीकडे. इंग्लंडांत १९५८ सालीं मडी वॉटर्स गेला तेव्हां त्याच्या विजेच्या गिटारनें कांहीं श्रोते दचकले. १९६१ सालीं रॉबर्ट जॉन्सनच्या गाण्यांची मोठी तबकडी निघाली, आणि लंडनच्या उपनगरांतील तरुणांनीं ती झिजेपर्यंत ऐकली. त्यांना गुरु नव्हता, समाज नव्हता, शेत नव्हतें. होती फक्त तबकडी. तेव्हांच्या पुष्कळशा यंत्रांवर सोळा फेऱ्यांची गति असे. सवातेहतीस नव्हे, बरोबर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांची तबकडी सोळा पूर्णांक दोन तृतीयांशांवर लावली कीं ती निम्म्या वेगानें फिरते, आणि सर्व स्वर जसेच्या तसे मंद्र सप्तकांत उतरतात. अवघड तान मंद करून शिकण्याची ही युक्ति अटलांटिकच्या दोन्ही बाजूंस पुष्कळांनीं योजिली. अशा कानशिक्षणांतून एरिक क्लॅप्टन तयार झाला. जॉन मेयॉलच्या संचाबरोबरची त्याची १९६६ ची तबकडी आणि १९६८ च्या मार्चमध्यें प्रत्यक्ष मैफलींत मुद्रित झालेलें 'क्रॉसरोड्स' हीं आजही विद्यार्थ्यांचीं पाठ्यपुस्तकें आहेत. हें दुसरें गाणें म्हणजे जॉन्सनच्या १९३६ च्या गाण्याचेंच रूपांतर. त्यांत क्लॅप्टन धानीचे स्वर आणि भूपाचे स्वर एकाच षड्जावर आलटून पालटून घेतो, आणि त्या अदलाबदलींत ऊन-सांवलीसारखा खेळ चालतो. तारा आतां पातळ मिळूं लागल्या होत्या. ओढण्यास जड जाणारी जुनी गुंडाळलेली तिसरी तार जाऊन साधी आली, आणि पहिल्या चौकटींतच चारी बाजूंनीं मींड घेतां येऊं लागली. पहिली चौकट पहिली झाली ती या वेळीं.

या व्यवहारांत न्याय किती झाला हा प्रश्न येथें विचारणें भाग आहे. गाण्याचे शब्द आणि चाल यांवर कायदा हक्क मानतो. शिकागोच्या विली डिक्सननें १९८५ सालीं 'लेड झेपेलिन' या इंग्रज संचावर त्याच्या एका गाण्यावरून दावा लावला, आणि १९८७ सालीं तडजोड होऊन त्यास दाद मिळाली. परंतु हात दांडीवर कोठें ठेवावा, तार किती ओढावी, कोठें थांबावें, यावर कोणाचा हक्क कसा चालणार? बुका व्हाइटच्या कंपाचें किंवा लॉनी जॉन्सनच्या एकतारी ओळीचें स्वामित्व कोणत्याच कचेरींत नोंदलेलें नाहीं. तें चौकटींत विरघळलें, आणि चौकट सर्वांची झाली. विद्या सर्वांची व्हावी हें इष्टच. पण ज्यांच्याकडून ती आली त्यांचीं नांवें चित्राखालीं लिहिण्यास शाई कमी पडावयास नको होती.

नकाशे छापण्याचें काम मग भराभर झालें. बोस्टनच्या बर्कली विद्यालयांतील विल्यम लेविट यांचें गिटारवरील क्रमिक पुस्तक १९६६ सालीं निघालें. त्याचा रोंख नोटेशन वाचण्याकडे असला तरी दांडीचे नियमबद्ध विभाग पाडण्याची शिस्त त्यानें घालून दिली. १९६७ पासून 'गिटार प्लेयर' हें मासिक निघूं लागलें. १९८३ सालीं बिल एडवर्ड्स यांच्या पुस्तकानें सी, ए, जी, ई, डी या पांच मोकळ्या स्वरसंघांच्या आकारांशीं पांच चौकटींची सांगड घालून दाखविली, आणि या अक्षरांचा जो शब्द बनतो त्याचा अर्थ इंग्रजींत 'पिंजऱ्यांत घातलेला' असा होतो, हा विनोद शिक्षकांस टाळतां आलेला नाहीं. तरी मी या नकाशांची टवाळी करणार नाहीं. भातखंड्यांनीं बंदिशी लिपिबद्ध केल्या तेव्हां घराणेदार मंडळींनीं नाकें मुरडलीं होतीं. आज त्यांच्याच नातवंडांच्या कपाटांत तीं पुस्तकें आहेत. सांगलीच्या किंवा अमरावतीच्या मुलास आज कोणाच्याही दारीं न जातां हात दांडीवर कोठें ठेवावा हें कळतें, हा लहान लाभ नव्हे.

अडचण पुढें येते. आमच्या कॉलेजांतील एका हुशार विद्यार्थ्यास मीं पांचही चौकटी खालून वर आणि वरून खालीं अस्खलित वाजवितांना ऐकलें आहे. पलटे म्हणून ते निर्दोष होते. मीं त्यास विनंति केली कीं, आतां तोंडानें एक ओळ गुणगुण आणि तीच वाजव. तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग त्यानें केवळ तीन स्वर वाजविले; परंतु त्या दिवशींचें ऐकण्यासारखें तेवढेंच होतें. नकाशांत बाराही ठिपके सारखे काळे असतात, आणि राग जाणणाऱ्यास ठाऊक आहे कीं स्वर सारखे कधींच नसतात. शिवाय तोच स्वर दांडीवर तीनचार ठिकाणीं मिळतो, आणि जाड तारेवरचा व पातळ तारेवरचा एकच मध्यम दोन वेगळ्या माणसांच्या तोंडचा वाटतो. आल्बर्ट किंग हा तर डावखुरा. उजव्या हाताची गिटार तो नुसती उलटी धरी, तारा बदलीत नसे. पातळ तार त्याच्या वरच्या बाजूस येई, आणि इतर जण जी तार वर ढकलतात ती तो खालीं खेंचीत असे. १९६७ सालच्या 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' या तबकडींतील त्याच्या मींडा वाटतील तितक्या चौकटींत मांडाव्या. ओढण्याची दिशाच निराळी असल्यामुळें त्यांचें वजन उजव्या हातानें वाजविणाऱ्यास सहसा सांपडत नाहीं.

ज्या काळांत हीं पुस्तकें छापण्याची तयारी चालली होती त्याच काळांत न्यूयॉर्क शहरांत एक वृद्ध आंधळा धर्मोपदेशक राहत असे. रेव्हरंड गॅरी डेव्हिस त्याचें नांव. जन्म दक्षिण कॅरोलिनांतला, १८९६ चा. त्याची वादनाची तऱ्हा निराळी, आंगठा व तर्जनी यांनीं बैठकीची व वरची ओळ एकदम चालविण्याची, आणि गाणीं बहुधा देवाचीं. १९६० च्या सुमारास गोरीं तरुण मुलें त्याच्या घरीं शिकण्यास येऊं लागलीं. शिकवणीचे पांच डॉलर. घड्याळाचा प्रश्न नसे. सकाळीं आलेला विद्यार्थी संध्याकाळपर्यंत बसे. डेव्हिसला चित्र काढून दाखवितां येत नव्हतें आणि विद्यार्थ्याचीं बोटें दिसत नव्हतीं. तो एक तुकडा वाजवी, विद्यार्थी तो परत वाजवी, आणि म्हातारा कानानें पारख करी. त्याचा एक शिष्य स्टीफन ग्रॉसमन ध्वनिमुद्रणाचें यंत्र बरोबर घेऊन जात असे. गुरूच्या त्या फिती पुढें प्रसिद्ध झाल्या, आणि ग्रॉसमननें तारांच्या सहा रेघांवर पडद्यांचे आंकडे घालून जीं शिक्षणाचीं पुस्तकें काढलीं त्यांत डेव्हिसच्या चिजा जगभर गेल्या. डेव्हिस १९७२ सालीं वारला.